भाऊसोला आणायचं काम

१२ फेब्रुवारी, सोमवार

भाऊसो आडवा झाला! नेपाळात, सोनं गाळायच्या स्वतःच्या गलाईच्या दुकानात, भट्टीपुढंच. अर्धांगवायू. तिथल्या छोट्या दवाखान्यात मेंदूचा डॉक्टर नाही, लवकर हलवा म्हणतात.

त्याची बायको शालूबाई कवठे महांकाळहून थेट मिरजेत माझ्या ऑफिसात आली. माझेच हात धरून रडली. "अंजना, तू दुबईची, मस्कतची पेशंट आणतीस. आमच्या मालकास्नी तेवढं घरला आण गं!"

आणते म्हणाले. चहाही पाजला.

माझ्या ज्योतिबांना कुणी आणलं होतं? ह्याच भाऊसोनं त्यांना सोनं गाळायला नेलं. मालकानं नेलेला गडी मालकानंच परत आणायचा, ही आमच्याकडची रीत. ह्यानं काय आणलं? तांब्यात राख! "तापानं गेला, तिकडंच उरकलं." मान खाली घालून एवढंच. नवऱ्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला. खर्च वाचवला मेल्यानं, दुसरं काय! त्या रागावरच मी हे काम शिकले.

१३ फेब्रुवारी

विमान ठरवलं. डॉक्टर, ऑक्सिजन, सगळं सोबत. पण पेशंट सोडायला तिथं घरचं माणूस सहीला हवं. मुलगा राजवर्धन निघाला. कागदपत्रांचं मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "आधार हाय की मोबाईलमधी. नेपाळ म्हंजे आपलंच की ओ काकी, कोण इचारतंय!"

गलाईवाले सगळे असेच. रेल्वेनं जायचं, सीमेवर जीपनं पलीकडं. कुणी अडवत नाही, मग परदेश कसला! पण विमानाला पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

सांगितलं नाही. "नीट जा," एवढंच म्हणाले.

१४ फेब्रुवारी

दिल्लीत अडवला!! देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. ह्या वेळी काठी माझ्या हातात होती.

राजवर्धन फोनवर रडकुंडीला आलेला. "काकी, आता काय करू?" म्हटलं, रेल्वेनं जा बाबा. तोवर विमान थांबवून ठेवते. भाऊसो अजून थोडंथोडं बोलतो म्हणे. घरी न्या, घरी न्या म्हणतो. म्हणू दे.

१५ फेब्रुवारी

दोन्ही वेळा पोटभर जेवले. गोड लागलं.

१७ फेब्रुवारी

आणला. विमान कोल्हापुरात उतरलं, तिथून मिरज. पण पोराची वाट बघताना तिथं दुसरा झटका येऊन गेला. वाचा गेली. उजवं अंग गेलं. इथले डॉक्टर म्हणाले, "आधी आणायला पाहिजे होतं."

शालूबाई माझ्या पाया पडायला लागली! "तू हुतीस म्हणून तोंड तरी दिसलं."

आनंद झाला का? झाला. इथं खोटं कशाला लिहू? स्ट्रेचरवर वाकून त्याच्या कानात म्हणाले, "ज्योतिबांची बायको मी. बघा मालक, मी माणसं जिवंत आणते." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं नाही.

२० फेब्रुवारी

माझा सख्खा भाऊ केरबादादा भाऊसोंना बघायला दवाखान्यात आला. ज्योतिबा गेले तेव्हा तोही तिकडं त्याच भट्टीवर होता. बाहेर येऊन बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. "अंजे, ताप कसला! तेजाब उडालं हुतं ज्योतिबाच्या अंगावर. तोंडच ऱ्हायलं न्हवतं. भाऊसो आणतोच म्हणत हुता. मीच पाया पडलो, पोरीला ते दावू नका, सांगू बी नका. शपथ घातली. तुझ्या लय शिव्या खाल्ल्या त्यानं, पर शब्द मोडला न्हाई."

मी आत गेले. भाऊसोंनी डावा हात उचलून मला बसायची खूण केली.

"बघ," शालूबाई म्हणाली, "तुला वळखलं त्यांनी."