बुजवलेलं दार

आप्पा, परवा मी आपल्या झरी गावच्या घरातलं स्वयंपाकघर परभणीत रंगमंचावर उभं केलं. नाटक एका घराचं आहे. त्या घरातला मुलगा गेलाय आणि उरलेली माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. नेपथ्य माझ्याकडे आलं. दिग्दर्शक म्हणाला, "मधोमध मुलाचा हार घातलेला फोटो लावू, बघणाऱ्याला लगेच कळेल." मी म्हटलं, आमच्या घरात फोटो नव्हता, बुजवलेलं दार होतं.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. दादा मागच्या दारानं मळ्यातल्या विहिरीवर पोहायला गेला आणि त्याच दारानं त्याला उचलून आत आणलं. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही माती कालवायला बसलात. चुलीशेजारचं तेच मागचं दार काढून चौकटीत विटा रचताय. आई भाकरी थापतेय, तुमच्याकडे बघत नाहीये. मी विचारते, "आप्पा, आता मळ्यात कुठून जायचं?" "फिरून जायचं." "का पण?" "का म्हून इचारायचं न्हाई!" इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधीच ओरडला नव्हतात. त्या दिवसापासून आई चुलीपुढे दुपारीही दिवा लावायची. तुम्ही रागानं दादाची वाट बंद केलीत आणि आईचा उजेडही, असंच मी समजत आले. तुम्ही गेलात तेव्हाही समजत होते.

सुतारानं चौकट उभी केली. विटा थर्माकोलच्या, त्या मीच रंगवल्या, फटींतून ओघळलेल्या मातीसकट. रंगीत तालमीला आईला घेऊन गेले. आता ती माझ्याजवळच असते. तालीम संपल्यावर म्हणाली, "मला वर घेऊन चल." पायऱ्या चढून ती सरळ त्या दारापाशी गेली, तळहात टेकवला. "हलक्या हायेत गं इटा," म्हणाली. मग विटांवरून हात फिरवत, "मीच म्हणले व्हते तेन्ला. ते दार दिसलं की वाटायचं, आता येईल वल्या कपड्यानं, भूक लागली म्हणत. माझा हातच चालंना. म्हणले, बुजवा ते, न्हाईतर मी जगत न्हाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणले, लेकराला सांगू नको. माझ्यावर रागावली तर रागावू दे, तुझ्यावर नको."

तिला धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं. घरी तिनं खिचडी मागितली आणि दोन घास खाऊन ताट सरकवलं. मी मोरीत नळ सोडून रडले. आप्पा, तुम्ही आजारी होतात तेव्हा मी उशाशी बसून असायचे. तेव्हा तरी मला सांगायचं होतंत. आईसाठी माझा राग पाठीवर घेऊन तुम्ही गेलात, आणि मला तो उतरवून घेताही आला नाही.

प्रयोग झाला. फोटो लावला नाही. प्रेक्षक गेल्यावर दोन अनोळखी बायका त्या चौकटीकडे बघत बसून राहिल्या होत्या. त्यांना उठा म्हणायला कुणी गेलं नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. आईला हे सांगितलेलं नाही. दादाचा चेहरा मला आता आठवत नाही, आप्पा. तुमचा आठवतो.