ओवाळणीतलं विंडोज

पुणे,
ता. २१ नोव्हेंबर १९९३

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. अनारशांचा डबा औरंगाबाद यायच्या आत रिकामा झाला. हे दाजींना सांगू नकोस, त्यांनी तो आठवडाभर पुरवून खायला बजावलं होतं.

किल्लारीच्या भूकंपामुळं यंदा सेलूत फटाके वाजले नाहीत. ती शांत दिवाळी अजून माझ्या अंगात आहे. ओवाळताना तू गंध माझ्या भुवईवर लावलंस आणि वर मलाच हसलीस. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांना लय मजा वाटली.

आता ओवाळणीचं. दरसाल साडी देतो, यंदा तुझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर विंडोज घालून दिलं. तू स्वयंपाकघरात होतीस तेवढ्यात जागा करायला लिहायचं ते जुनं वर्डस्टार पुसलं. त्याच्या फ्लॉप्याही उचलून आणल्या, नाहीतर तू पुन्हा त्याच वाटेला गेली असतीस. तू लोकांचे टाइप केलेले प्रबंध-बिबंध सगळे तसेच आहेत, नव्यातही उघडतात. आता त्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसायचं काम नाही. समोर चित्रं दिसतात, माउसचा बाण चित्रावर न्यायचा आणि बटण दाबायचं.

लहानपणी माझ्या हातांवर टॉवेल टाकून तू मला टायपिंग शिकवलंस. टॉवेल उचलून पाहिलं की टपली. त्या टपल्यांवर आज माझं पोट चाललंय, मग एवढी ओवाळणी तर द्यायलाच पाहिजे. दाजींना नमस्कार.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
उद्धव

*

सेलू,
ता. ४ डिसेंबर १९९३

चि. उद्धवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनीच आधी फोडलं, त्यामुळं अनारशांची चोरी उघडी पडली. शाळेतून आल्यापासून तेच सांगायलेत.

ओवाळणी लय देखणी आहे. शिकायला येणाऱ्या पोरी चित्रं बघून हरखून जातात. पण एक काम कर, त्या जुन्या फ्लॉप्या पाठवून दे. पोरांचे जुने प्रबंध त्यातच बरे उघडतात. शिवाय आपलं मशीन म्हातारं झालंय, तुझी चित्रं उचलताना त्याला धाप लागते. शिवाय लाइट जाते.

खरं सांगू का, मला तो काळा पडदा आवडायचा. चुडाव्याला आपण स्टेशनाच्या चाळीत राहायचो, आठवतंय का? सांजची गाडी निघून गेली की फलाट कसा मोकळा व्हायचा, आणि बाबांचा कंदील तेवढा हलत राहायचा. वर्डस्टार लावायच्या आधी पडदा तसाच असायचा. काळं सगळं, आणि त्यात एक बारीक उजेड लुकलुकत माझी वाट बघायचा. आता सगळीकडं पांढरं झगझगीत आहे, आणि तुझा बाण कुठं जाऊन बसतो देव जाणे.

फ्लॉप्यांचं विसरू नकोस. थंडी पडलीय, स्वेटर घाल.

तुझी,
अक्का

*

पुणे,
ता. १२ डिसेंबर १९९३

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

भावाची ओवाळणी कुणी परत करतं का? फ्लॉप्या मिळणार नाहीत. पंधरा दिवस माउस हातात धर, मग तूच मला दुवा देशील. आमच्या ऑफिसातले जुने लोकही आधी असेच कुरकुरले. आता त्यांच्या टेबलावरून माउस हलवला तर भांडतात. मीही घरी कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतोय, त्यावर विंडोजच घालणार.

एक विचारायचंय. तुझ्या पत्रात दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. फलाटाचं लिहिलंस तिथं तर कंदील गाडीच्या अंगावरच गेलाय. तुझं अक्षर आमच्या शाळेत फळ्यावर लावायचे, म्हणून विचारतो. घाईत होतीस का?

पाया पडतो.
तुझा,
उद्धव

*

सेलू,
ता. २० जानेवारी १९९४

चि. उद्धवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिना उलटला, मी उत्तर दिलं नाही. खोटं लिहायचा कंटाळा आला होता.

घाईत नव्हते रे. माझे डोळे चाललेत. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर झडत जाते आणि मधली तेवढी राहते, तीही किती दिवस ते सांगता येत नाही. औषध नाही. आता मला बांगडीतून बघावं तेवढंच दिसतं. दिवस कलला की भिंतीला हात लावून चालते. ओवाळताना तुझं कपाळ अंदाजानं धरलं होतं, म्हणून गंध भुवईवर गेलं.

काळ्या पडद्यावर माझं चालत होतं. कुठं काय आहे ते बोटांना पाठ होतं, बघावं लागत नव्हतं. तुझ्या चित्रांत मात्र आधी बाण शोधावा लागतो. तो बांगडीबाहेर गेला की मला दुनियेतच नसतो.

ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांचा जीव लय हळवा. ते मायेपोटी इन्स्टिट्यूटला कुलूप लावतील आणि मला खुर्चीत बसवून ठेवतील. उद्धव, मला तसं बसायचं नाही. डोळे जातील तर जाऊ देत, माझा क्लास जाऊ नये.

परवा वालूरचा सटवाजी आला होता. त्याचा प्रबंध माझ्याकडंच झालाय. विद्यापीठाचं नामांतर झालं, म्हणून त्याला पहिलं पान नव्या नावानं पाहिजे होतं. म्हणाला, बाई, नाव ठळक काढा, माझा बाप ह्या नावासाठी जेलात जाऊन आला. मी दुपारभर बाण शोधत राहिले. तो बिचारा समोर गुमान बसला होता. शेवटी मशीन बिघडलंय म्हणून त्याला परत पाठवलं. एवढ्या वर्षांनी मिळालेलं नाव, आणि ते माझ्यामुळं अडून राहिलं. मला रडू आलं.

सपनात मी अजून टाइप करते. हातांवर टॉवेल असतो आणि एक अक्षर चुकत नाही. मला माझं जुनं दे.

तुझी,
अक्का

*

पुणे,
ता. २५ जानेवारी १९९४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी जिन्यात बसून राहिलो. भुवईवरच्या गंधाला मी हसलो होतो, आणखी चार लोकांनाही हसवलं होतं.

मग रविवारी ऑफिसात गेलो. कुणी नव्हतं. पडदा बंद केला, हातांवर टॉवेल घेतला आणि तुझं मशीन कसं असायला पाहिजे ते शोधत बसलो. शनिवारी येतो, वर्डस्टार घेऊन. मशीन सुरू झालं की सरळ डॉसमध्येच, तुझ्या काळ्या पडद्यावर येईल. एकचा आकडा दाबून एंटर केलंस की लिहायचं उघडेल आणि एकदा बीप वाजेल. दोन दाबलंस तर छापायला जाईल, तेव्हा दोनदा. मी डोळे मिटून करून पाहिलं. पहिल्यांदा चुकलो तेव्हा आपोआप डोकं खाली घातलं, तुझी टपली येईल म्हणून.

ऑफिसात विंडोज राहील, तिथं माझं चालत नाही. घरी मात्र डॉसच घेतो. तुझी फ्लॉपी माझ्या घरी उघडली पाहिजे.

दाजींना मी काही बोलणार नाही. ते तूच सांग, अक्का. पण सांग.

तुझ्या हाताखालचाच,
उद्धव

*

सेलू,
ता. २० फेब्रुवारी १९९४

चि. उद्धवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी सांगतेय आणि सुमंगला लिहून घेतेय, म्हणून ओळी सरळ आहेत. ती क्लासातली सगळ्यात जुनी पोर. तिला आता ठाऊक आहे, सगळ्यांनाच आहे.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सटवाजीला बोलावून घेतलं. दोनदा बीप वाजली आणि पान आलं. नाव कसं उठलंय ते मला पुरतं दिसलं नाही, म्हणून त्यालाच वाचायला सांगितलं. त्यानं ते दोनदा वाचलं. पान घडी न करता वालूरपर्यंत हातात धरून नेतो म्हणाला.

ह्यांना सांगायला मात्र पुढचा आठवडा उजाडला. जेवताना सांगितलं. ते ताट तसंच ठेवून उठले. मला वाटलं, आता कुलूप आणायला गेले. दिवसभर माझं कशात मन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडला तर हे माझ्या आधी येऊन बसलेले. खिडकीजवळच्या जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरपुढं, शाळेच्या कपड्यांत. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी स्वतःच हातांवर टाकला, आणि म्हणाले, पहिल्या धड्यापासून शिकवा, पुढं तुमचं वाचून दाखवायला आणि तपासायला माणूस लागेल. पोरींच्या देखत मी काय बोलणार? धडा सुरू केला.

तेव्हापासून रोज यायलेत. विद्यार्थी लय कच्चा आहे. डाव्या हाताचं शेवटचं बोट उचलतच नाही, आणि टॉवेल वर करून हळूच बघायची खोड तुझ्यासारखीच. त्यांना वाटतं, मला दिसत नाही. पण बघून मारलेली अक्षरं एकेक करून पडतात, ते मला ऐकू येतं. काल नवऱ्याला टपली मारली.

भाऊबीजेला ये. गंध लावताना तुझं कपाळ नीट पुढं कर.

तुझी,
अक्का