हार्लनकाकांचं हिरवं

डुलुथ,
मे महिन्यातला एक गारठलेला शनिवार

तीर्थरूप आर्डिसकाकू यांस,

व्हर्लिनचा वाकून नमस्कार. (पुरता वाकलो असतो, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) तिकडे टुसॉनच्या उन्हात तुमचा गुडघा कसा आहे? आपल्या मत्स्यालय क्लबातल्या सगळ्यांच्या माशांच्या टाक्या बघायला घरोघरी जायचा दौरा जूनमध्ये आहे आणि त्यासाठी तुम्ही मुद्दाम येणार, हे वाचून आनंद झाला. पण विमानात पाय दुमडून बसणं गुडघ्याला बरं नव्हे, असं कोराही म्हणते. (बायकोच्या नावावर खपवतो आहे, ती असं काही म्हणाली नाही.) शिवाय सरोवरावरून अजून असा वारा येतो की कान जागेवर आहेत का ते चाचपावं लागतं. यंदा राहू दिलंत तरी कोणी नावं ठेवणार नाही.

इकडे सर्व खुशाल. कोरा बरी आहे, जोकर मासे बरे आहेत, शंखातल्या खेकड्याने नवा शंख घेतला. टाकीतलं पाणी स्वच्छ आहे. त्या स्वच्छतेबद्दलच जरा सविस्तर लिहायचं आहे.

दौऱ्यात पहिलं घर आमचं, हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपले क्लबवाले तुम्हाला ठाऊक आहेत. दारात बूट काढतात, रूबार्बच्या वड्या खातात, वा वा म्हणतात आणि गाडीत बसल्याबरोबर तुमच्या काचेवरच्या शेवाळाचा विषय काढतात. म्हणून मी काच घासली. मग दगड बाहेर काढून ब्रशने घासले (कंबर ती तिथेच गेली). माशांचं खाणं निम्म्यावर आणलं आणि पाण्यातलं सगळंच शोषून घेणारी गाळणी बसवली. रोज नळीत पाणी घेऊन तपासायचं आणि घाण शून्य आली की नळी कोराच्या नाकासमोर धरायची, असा क्रम सुरू झाला. ती म्हणाली, "त्या माशांना विचारलंस का, त्यांना इस्पितळात राहायचंय का ते?" मी अर्थातच लक्ष दिलं नाही.

मग हार्लनकाकांचं हिरवं प्रवाळ फिकट दिसू लागलं. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. दिवा वाढवला. ते आणखी फिकटलं, मी आणखी वाढवला. काकू, प्रवाळाला थोडी घाण लागते, त्यावरच ते पोसतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. नवशिक्यांना हे व्याख्यान मीच देतो. ते पांढरं फटक पडलं आणि गेलं. लखलखीत पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मेलं. काकांनी वीस वर्षं वाढवलेलं, आणि शेवटी डोळे मिटण्याआधी "हिरव्याकडे बघा" म्हणून सांगितलेलं. तुम्ही त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसणार म्हणून येताय, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही.

"जपायचं असेल तर वाटून टाक," हा काकांचा नियम. तुकडे चार घरी दिले की एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरून परत आणता येतं, क्लब त्यावरच चालतो. पण काकांचं मूळ प्रवाळ माझ्या हाती आल्यावर जो मागेल त्याला मी "अजून लहान आहे" म्हणून वाटेला लावलं. माझ्याकडेच असलेलं बरं वाटायचं. तुम्ही टुसॉनला जाताना त्यातला नखाएवढा तुकडा वांडा कुझाकला दिलात तेव्हा तर मी हसलो होतो. तिच्या टाकीत शेवाळ, प्लॅस्टिकची समुद्री चाच्याची कवटी, मासे कोणते आणि खाणं कोणतं तेही कळू नये. "तिथे आठवडा काढला तरी खूप," असं मी भर सभेत म्हणालो होतो. ती समोरच्याच रांगेत होती.

असो. गुडघ्याला जपा.

तुमचा,
व्हर्लिन

ता. क. वांडाकडचा तुकडा जिवंत आहे म्हणतात. तुम्ही तिला फोन करून त्यातला थोडा मागाल का? तुम्हालाच हवा आहे असं सांगा. माझं नाव काढू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच वांडा दारात. कोराच्या पोटात काही राहत नाही. हातात बर्फावरच्या मासेमारीची बादली, त्यात खारं पाणी, त्यात ती कवटी, आणि कवटीच्या एका डोळ्यातून टाळूपर्यंत पसरलेलं हार्लनकाकांचं हिरवं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "राहू दे रे. थोडं माझ्याकडे ठेवलंय, तुझा भरवसा नाही. आणि हे कवटीसकट टाकीत ठेव. खरवडायला गेलास तर मरेल. घासू नकोस, पुसू नकोस, तुझी ती गाळणी आधी बाहेर काढ." काढली. टाकीच्या मधोमध, जिथे माझं सगळ्यात महागडं प्रवाळ होतं, तिथे आता चाचा दात विचकून बसला आहे. कोरा म्हणते, घरात पहिल्यांदाच कोणी हसतमुख आलं.

ता. क. तिसरा. काकू, गुडघ्याचं वर काय लिहिलंय ते खोडून टाका आणि या. खुर्ची पुसून ठेवली आहे (तेवढंच पुसायची परवानगी आहे). आल्यावर हिरव्याकडे बघा, हवं तर कवटीकडे बघून हसा. माझ्याकडे मात्र लगेच बघू नका.