देवीच्या लुगड्यातले वावळ

जिच्या कृपेने कोरड्या बीजातही प्राण टिकून राहतो, त्या राईतल्या देवीला वंदन करून लिहिते आहे, अण्णा.

तुम्हाला जाऊन माझे निम्म्याहून अधिक आयुष्य लोटले. निघोज्याच्या टेकडीखालची आपली देवराई अजून उभी आहे. तिच्या तीन बाजूंना मात्र कंपन्यांच्या भिंती आल्या आहेत. भाऊ गेल्यापासून देवीची दिवाबत्ती माझ्याकडे आहे आणि सीमेच्या दगडापाशी आले की मला तुम्ही दिसता. राईतून बाहेर पडताना तुम्ही थांबता, खांद्यावरची घोंगडी झटकता, तळपाय पुसता; देवीचे वाळके पानसुद्धा घरी यायचे नाही. लहानपणी एकदा मी परकराच्या ओच्यात बेहड्याची फळे घेऊन आले, तेव्हा भर उन्हात मला माघारी नेऊन ती झाडाखाली ठेवायला लावलीत. रागावला नाहीत. "तिचं तिच्यापाशी ऱ्हाऊ दे," एवढेच म्हणालात.

परंतु राई आता म्हातारी झाली आहे, अण्णा. पाऊस पूर्वीसारखा मुरत नाही. एका दिवसात कोसळतो आणि मग कितीतरी दिवस तोंड दाखवत नाही. जुन्या झाडांखाली फुटलेले कोंब त्या उघडिपीत करपून जातात. उघड्या टेकडीवर दर पावसाळ्यात बाहेरून आणलेली रोपे लावली, तीही वाळली. पुतण्याची बायको, आपली सून, कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून त्यांना पाणी घालायला जात असे. गेल्या फाल्गुनात ती माझ्यापुढे येऊन बसली. राईतली झाडे याच मातीत वाढलेली, त्यांचे बी टेकडीवर तग धरेल, आणि ती झाडे एकेक करून पडत असताना आता बी घेतले नाही तर पुढे घ्यायला काही उरणार नाही, असे तिचे म्हणणे. गावाने निर्णय माझ्यावर सोपवला होता. मी तुमचा नियम सांगितला. ती हसली.

"आत्याबाई, वारा रोज बी नेतोय की. त्याला कुणी अडवलंय का दगडापाशी?"

मी पोथ्या काढल्या, आपद्धर्म पुन्हा वाचला. संकटात काय खावे, कोणाच्या हातचे घ्यावे, हे सारे सापडले. राईचे बी कुठे सापडले नाही. मग आपल्या अंगणातला वावळ आठवला. तुळशीवृंदावनाच्या कडेला तो उगवला, आई त्याला उपटायला वाकली, आणि तुम्ही तिचा हात धरलात. "आपलं आपण आलंय. देवीनं धाडलंय म्हन."

चैत्रात वारा सुटला. देवीला नेसवून उतरवलेले हिरवे लुगडे मी सीमेच्या दगडाबाहेर अंथरले आणि कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. राईतल्या वावळाच्या बियांच्या कागदासारख्या पातळ चकत्या भिरभिरत येऊन त्यावर उतरू लागल्या. देवीचे ते देवीच्याच पदरात राहिले. सून म्हणाली, "भरली बघा ओटी."

पावसाळ्यात टेकडीवर पेरलेल्या त्या बियांतली पुष्कळ रोपे मधल्या कोरड्या दिवसांत गेली. उरली ती आता माझ्या गुडघ्याला लागतात. त्यांच्यात शिरताना मी वहाणा काढते. तिथे अजून देवी बसवलेली नाही म्हणून सून थट्टा करते, पण हल्ली तीही काढते.

हे पत्र कुठे धाडणार? पोथीच्या बासनात ठेवून देईन. एक सांगायचे राहिले. आज राईतून निघताना सवयीने सीमेवर थांबले, पदर हातात धरला, आणि न झटकताच पुढे आले. अंगणातला तो वावळ तुमच्या घोंगडीतून तर आला नव्हता ना, हा प्रश्न इतक्या वर्षांत तेव्हा प्रथम मनात आला.

हे जो कोणी वाचील त्याच्या दारी न मागता एखादे झाड उगवो, आणि ते उपटायला वाकलेला हात कोणीतरी वेळेवर धरो.