छतावरचा ड्रायव्हर

प्रिय ताई,

लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच कबूल. नोकरी लागली म्हटलं की तू विचारणार, ही तरी टिकणार का? म्हटलं, आधी टिकू दे. तर खेळण्यांच्या दुकानात आहे. ठोकळे जोडून गाड्या बनवायच्या आणि काचेच्या कपाटात लावायच्या. शाळेत एका जागी बसत नाही म्हणून मार खाणारा तुझा भाऊ आता दिवसभर स्टुलावर बसून असतो. मालक म्हणतात, हात कामाचे आहेत तुझे, तोंडाचं तेवढं काहीतरी कर.

इथे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: मांडायला हवी की खेळायला? मांडायची गाडी नाजूक, आरसे-दिवे सगळं असतं, पण पोराचा हात लागला की बंपर गळून पडतो. खेळायची म्हणजे जाड चाकांची, आपटा, आदळा, तिला काही वाटत नाही. तुझ्या चिमणीसाठी मी एक पिवळी हेरून ठेवलीय, तिचं बॉनेट उघडतं, आत इंजिनसुद्धा... भरकटलो बघ.

आज दुकान उघडल्या उघडल्या एक माणूस आला. शर्टाला कडक इस्त्री, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. मांडायला की खेळायला, विचारलं. म्हणाला, “दोन्ही. लेक आल्या आल्या खेळेल, मग गाडी घरातच कपाटात राहील.” ती यायच्या आत जोडून तयार हवी म्हणाला. कपाटातल्या सगळ्या गाड्यांच्या छतावरून त्याने बोट फिरवलं. गुळगुळीत छत नको होतं त्याला, ठोकळ्याची टोकं वर आलेलं हवं होतं. का, तर त्याची लेक ड्रायव्हरला आत बसवतच नाही, छतावर बसवते.

मला हसूच आलं. म्हटलं, अहो, आमची चिमणीही अगदी तश्शीच! आणि मग माझं तोंड तुला माहीत आहे. मागे तुझ्याकडे आलो होतो तेव्हा खिडकीच्या कठड्यावर तिने कशी गाडी मांडली होती ते सांगितलं. कुठली खिडकी, तर सायकलच्या दुकानावरची, पाण्याच्या टाकीसमोरची. शाळेची घंटा घरात ऐकू येते, हेही सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, किती सभ्य माणूस. जाताना माझा खांदा थोपटून गेला.

मग मी जोडायला बसलो. चाकं लावली, दारं बसवली. शेवटी ड्रायव्हर छतावर ठेवायला गेलो आणि हात तिथेच थांबला. ताई, चिमणी त्याला वर का बसवते ते तूच मला सांगितलं होतंस. भर उन्हात भावजींनी तुम्हा दोघींना गाडीत कोंडलं, काचा वर करून किल्ली घेऊन गेले, त्या दुपारपासून. ही सवय दुसऱ्या कुठल्या पोरीला असेल? तुझ्या लग्नात मी नव्हतो आणि फोटो तू सगळे फाडलेस. मी त्यांना ओळखणार कसा?

गाडीच्या पोटातला एक गिअर मी उलटा बसवलाय. आता दारं मिटत नाहीत. न्यायला आले की सांगेन, सगळी उसकटावी लागेल, उद्या या. तेवढाच एक दिवस मिळेल असं वाटलं. तुझा नवा नंबर मला देऊ नकोस, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं मीच म्हटलं होतं. म्हणून हे पत्र. आपल्या माल पोचवायच्या व्हॅनचा ड्रायव्हर तुझ्याच बाजूला निघालाय. मिळताच घर सोड. चिमणीला शाळेतून स्वतः घे आणि कुठे जातेस ते मलाही सांगू नकोस.

तुझाच,
भटक्या

ता. क. मीही व्हॅनमध्ये बसतोय. पत्र ड्रायव्हर तुझ्या हातात देईल, मी आधी शाळेपाशी उतरतो. आत्ताच दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्यात, तोंडभर हसतायत. मुलाने गाडी न्यायला पाठवलंय म्हणाल्या. “नात येतेय आज घरी. तो तिला आणायला सकाळीच गेलाय.”