खालून येणारा उजेड

प्रिय नीवेस,

तू दार उघडत नाहीस, असं देआन्ना फोनवर सांगत होती. तुझी भाची म्हणून ती बिचारी ऐकून घेते, मी घेणार नाही. पत्रं आली की न फोडता खणात टाकतेस, वाचून दाखवते म्हटलं तर तिच्यावरच खेकसतेस, आणि वर म्हणालीस म्हणे, "त्या पोरीची नजर जात होती ते मला कळलं नाही. आता माझी चाललीय. फिटंफाट झाली." अगं, काय बोलणं हे! ती पोर म्हणजे मीच ना? मग मला न विचारता परस्पर फिटंफाट करणारी तू कोण? इतका संताप आला की ओव्हनमधला पालकाचा एर्बाझोने पार करपला. रात्री नुसता पाव खाल्ला.

शाळेतलं ते टेबल आठवतं का, असं तुला विचारणं म्हणजे मूर्खपणाच. माझ्या वर्गातल्या ज्युलिओच्या बाबांनी, एर्मेस सुतारांनी, इतर आईबाबांना हाताशी धरून संध्याकाळी शाळेतच ते बनवलं होतं. लाकडाची चौकट, आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. त्यावर आम्ही झाडांची पानं मांडायचो, कांद्याची सालं, कारखान्यांतून आणलेले रंगीत प्लास्टिकचे तुकडे. सकाळी कोट काढला की मी तिथे जाऊन बसायची ती जेवणाची घंटा होईपर्यंत. बाकीची पोरं वैतागायची, "ए मिर्का, सरक ना, टेबल काय तुझ्या बापाचं आहे का?" मी ढिम्म. पण पान कशाचं ते मलाच विचारायला यायची. काचेवरची एकूण एक शीर मला पाठ होती.

आणि तू, आमच्या बालवर्गाची बाई, हात पाठीमागे बांधून बघत उभी. तुमच्या शाळेची रीतच ती. मुलाला ओढायचं नाही, हटकायचं नाही, त्याचं त्याला सापडू द्यायचं. आई कुरकुरायची, "पोरगी अंगणात खेळत नाही, सारखं टेबल, टेबल." तू तिला म्हणालीस, "लोरेदाना, हिला उजेडाची भाषा कळते." आईने ते विणकामाच्या कारखान्यात सगळ्या बायकांना सांगितलं. मग माझा फोटो लागला व्हरांड्यात, दाराएवढा. काचेला नाक टेकवून बसलेली मी, आणि खाली माझंच वाक्य मोठ्या अक्षरांत, "इथे वस्तू पळून जात नाहीत." स्वीडनहून, जपानहून शाळा बघायला लोक यायचे आणि त्या वाक्यापाशी डोळे पुसायचे. मग इतर ठिकाणी त्या कुठे पळून जातात गं, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही शाळेत मला कान धरून फळ्यासमोर बसवलं असतं आणि आठवड्याभरात बिंग फुटलं असतं. मुलांना इतका मान देणाऱ्या शाळेतच ही चूक होऊ शकत होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. खूप वर्षं विचार करून लिहितेय.

मग तो धुक्याचा दिवस. खिडकीबाहेर समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं आणि टेबलातली ट्यूब फडफडून विझली. मी ओरडले, "पानं कुठे गेली?" पानं माझ्या तळहाताखालीच होती. ज्युलिओ हसला, सगळी हसली. तू हसली नाहीस. माझ्या तोंडासमोर बोटं हलवून पाहिलीस, मला कोटात गुंडाळून कडेवर घेतलंस आणि धुक्यातून तशीच थेट आईच्या कारखान्यात. तुझी छाती धडधडत होती ती माझ्या कानाला लागत होती. बोलोन्याच्या इस्पितळात आई तुझ्यावर कडाडली, "आणि तुम्ही फोटो काढत बसलात!" तू शाळेत परतलीस. फोटो उतरवलास, वर्ष संपल्यावर मुलांमधूनच उठलीस आणि नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन बसलीस.

तुला आजवर कुणी सांगितलं नाही ते सांगते. आधी कळलं असतं तर माझा डावा डोळा बहुतेक वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने तुझी दया येऊन ते लपवलं. मी लपवत नाही, कारण गोड बोलून समजूत काढायला आले तर तू मला हाकलून देशील. हो, मला राग होता. मैत्रिणी स्कूटर शिकल्या तेव्हा मी तुझं नाव घेऊन शिव्या दिल्यात. पण नीवेस, मला काय काय जमणार नाही हे जग सांगायला लागलं, तेव्हा मला ते पटेनाच. कारण त्या टेबलापाशी सगळे मला विचारायला यायचे, आणि ती सवय माझ्या अंगात मुरली होती. अजून तिच्यावरच जगतेय. आता मोदेनाला माझ्याकडे अधू नजरेची पोरं शिकायला येतात. मी त्यांना तसल्याच टेबलापाशी बसवते आणि सगळ्यात आधी विचारते, "वस्तू कुठे पळून जातात रे?" पोरं सांगतात. विचारलं की सांगतात गं. हा प्रश्न मला तुझ्यामुळेच सुचला. डोळा गेला त्याची भरपाई होत नाही, पण आपल्या दोघींचं नातं एवढ्या एका डोळ्यात संपत नाही.

तर आता ऐक. शाळेने नवीन टेबलं घेतली तेव्हा जुनं अडगळीत पडलं होतं. एर्मेसकाकांनी ते दुरुस्त केलं, नवे दिवे बसवले. त्या म्हाताऱ्याला तू दाराबाहेर उभं ठेवणार नाहीस हे मला ठाऊक होतं. टेबल तुझ्या स्वयंपाकघरात मांडायचं, दिवा लावून द्यायचा, पहिला कागद काचेवर ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता निघायचं, असं मी त्यांना बजावलंय. हे पत्र मी पारदर्शक कागदावर जाड काळ्या शाईने लिहिलंय, बोटाएवढं एकेक अक्षर, म्हणून ही एवढी मोठी चळत. उरलेले कागदही असेच एकेक करून काचेवर ठेव, घाई करू नकोस, नाक टेकलं तरी चालेल. इथपर्यंत आली असशील, तर तुला हे कुणी वाचून दाखवलेलं नाही. तू स्वतः वाचलंस, तुझ्या डोळ्यांनी. रविवारी दुपारी मी येतेय. दार उघड.

तुझीच, टेबलावरून न सरकणारी
मिर्का