अडीचचा दिवा

सोमवार, ६ ऑक्टोबर
मिळाली एकदाची नोकरी. ओहायोत आल्यापासून पहिलाच बरा दिवस. प्रयोगशाळेच्या पायरीवर भोपळे मांडलेले, आत डेल हरुस्काने माझ्यासाठी डोनट ठेवलेले. डेल इथला जुना तंत्रज्ञ, बोलायला गोड. काम सोपं आहे. काचेवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, दिव्याने त्याचे रेणू हव्या त्या दिशेला वळवायचे, की त्यावर ओतलेला द्रवस्फटिक, टीव्हीच्या पडद्यात असतो तो, निमूट तसाच वळतो. डेल म्हणाला, मेंढरंच ती, पहिलं वळलं की कळप वळला. सगळ्यांच्या खुर्च्या दिव्यासमोरच्या भिंतीकडे, पाठी खिडकीला. खिडकीतून माझ्या जोसीची शाळा दिसते. तीनला सुटते. आठ वर्षांची झाली तरी मी दिसले नाही की रडते.

बुधवार, ८
भिंत एवढी तुकतुकीत कशी, विचारलं. उरलेलं पॉलिमर टाकून द्यायला डेलच्या जिवावर येतं. सहा वर्षं तो तेच भिंतीला फासतोय. कंजूष मेला. अडीचला काचांवरची जुनी दिशा मिटवायचा मोठा दिवा लागला, भिंत उजळली, तशा डेलसकट इथल्या चौघांनी तिच्याकडे एकदम माना वर केल्या. मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही.

मंगळवार, १४
माझ्या खुर्चीवर आधी ॲर्डिथ होती. ती का गेली? डेल म्हणाला, तिला खुर्ची उलटी फिरवायची खोड होती. हे काय कारण झालं? हा माणूस काहीतरी लपवतोय. दिव्याशी तोच खेळत असणार.

बुधवार, १५
सकाळी गुपचूप दिव्याची मान चार बोटं डावीकडे केली. अडीचला चौघंही तेवढीच वळली. डेलसुद्धा. म्हणजे त्यालाही ठाऊक नाही. तोच एकदा म्हणाला होता, माणसाच्या पेशीपेशीत द्रवस्फटिक असतात. आणि ही भिंत म्हणजे एक मोठी काचच—

गुरुवार, १६
मला वाटलं पाच मिनिटं उशीर झाला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पन्नास. जोसी पायरीवर रडून रडून झोपलेली. कुठे गेला माझा तेवढा वेळ? भीती वाटतेय. उद्या राजीनामा.

शुक्रवार, १७
दिला. पावणेदोनला निघालेही. डायरी खुर्चीवर राहिली म्हणून परत आले—

शुक्रवारी लवकर आटपायचं म्हणून डेलने दिवा दोनलाच लावला.

बसलेय. हात चालतो. मान नाही.

तीन. साडेतीन—

मागे खिडकीवर टकटक. आई, इकडे बघ ना, म्हणतेय. आत येऊ नकोस, जोसी. ओरडता येत नाही—

टकटक थांबली. दार वाजलं.

शेजारी येऊन उभी राहिलीय. रडत नाही. माझ्याकडे बघतही नाही. भिंतीकडे—